निशिगंधात धूर कसा आला?

गंधविचार : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : माझं वय ४७. कोल्हापुरात कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. भाची फ्रान्समध्ये शिकायला आहे. दिवाळीत आली तेव्हा तिने माझ्यासाठी नाओमी गुडसर यांचा 'न्युई द बाकेलित' हा परफ्यूम आणला. "मावशी, तुला निशिगंध आवडतो ना? मग हा घे," म्हणाली. मनगटावर मारला आणि दचकलेच. फुलाचा पत्ताच नाही. काहीतरी कच्चं, हिरवं, रबरासारखं. सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हणाल्या, "अगं, कुठे वायर जळतेय का बघ." मिस्टरांना जुन्या दवाखान्यात शिरल्यासारखं वाटलं. मी बाटली कपाटात ठेवून दिली. पण रात्री झोपताना सहज मनगट नाकाशी गेलं आणि इतका सुंदर वास आला की मी तो घेतच राहिले. आता घरात कोणी नसलं की लावते. बाटली खराब तर झाली नाही ना? निशिगंधाच्या परफ्यूममध्ये धूर कुठून आला? तंबाखू, चामडं असले वास बाईने लावावेत का? आणि चारचौघांत लावायचा तर कसा?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांचं नाक फार चांगलं आहे. जुन्या घरांतले काळे, गोल, टक्‌कन आवाज करणारे विजेचे स्विच आठवतात ना, ते बेकलाईटचे असायचे. लिओ बेकलँड या रसायनशास्त्रज्ञाने १९०७ साली फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड यांच्यापासून हे प्लॅस्टिक तयार केलं. असा स्विच तापला की कडवट, औषधी, जळका वास सुटायचा. तुमच्या बाटलीवरच्या नावाचा अर्थ आहे 'बेकलाईटची रात्र'. म्हणजे डबी न बघता, नाव न वाचता, स्वयंपाकघरात उभं राहून त्यांनी ते ओळखलं. मिस्टरांचंही चूक नाही. निशिगंधाच्या फुलात मिथाइल सॅलिसिलेट हा घटक मुळातच असतो आणि गुडघेदुखीच्या मलमांचा ओळखीचा वास त्याचाच असतो. दवाखाना त्यांना तिथे भेटला.

बाटली अजिबात खराब झालेली नाही. परफ्यूम बिघडला की पहिल्या फवाऱ्यात आंबूस किंवा नेलपॉलिशसारखा वास येतो आणि मग पुढचा वासही बसका, चपटा लागतो. तुमच्याकडे उलट घडलंय. सुरुवात खडतर आणि रात्री सुंदर, हीच या परफ्यूमची चाल आहे. बाटली फक्त खिडकीत किंवा न्हाणीघरात ठेवू नका. खोक्यात घालून कपाटात ठेवा.

मुंबईत सुगंध बनवणाऱ्या कारखान्यात माझी नोकरीची वर्षं गेली. काम होतं वास घेऊन मत देण्याचं. तिथे निशिगंधाचे नमुने सतत यायचे आणि बहुतेक एकाच घराण्याचे असायचे. पॅरिसच्या जर्मेन सेलिये या सुगंधकार बाईंनी १९४८ साली फॅशनकार रोबेर पिगे यांच्यासाठी 'फ्राका' हा परफ्यूम केला, तेव्हापासून निशिगंध म्हणजे लोणी, साय, गोडवा, उघडे खांदे असं समीकरण बसलं. ते सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ते फक्त रात्री उमललेल्या फुलाचं चित्र आहे. त्यात दांडी नाही, पान नाही, चीक नाही.

बाजारातून निशिगंधाच्या चार ताज्या दांड्या आणा. वरची फुलं अजून मिटलेली, हिरवट असतील अशा बघून घ्या. दुपारी एक दांडी मधोमध मोडा आणि मोडलेली जागा लगेच नाकाशी धरा. कच्चा, पाणीदार, किंचित तिखट वास येईल. मग एक बंद कळी नखाने दाबा. तिथे दुधी, जरा रबरी वास आहे. रात्री जेवणं आटोपल्यावर त्याच घडातल्या उमललेल्या फुलाचा वास घ्या. आता गोडवा आला, पण त्याखाली कापराची थंडाई आहे, मलम आहे आणि अगदी तळाशी इंडोल आहे, म्हणजे डांबरगोळीच्या जवळचा, जरा कुबट वास. एवढं सगळं एका फुलात असतं. सुगंधकार इझाबेल द्वायें यांनी गुडसर यांच्यासाठी २०१७ साली हा परफ्यूम रचताना यातलं काही वगळलं नाही. उलट, जे इतर जण गाळून टाकतात ते पुढे आणून बसवलं.

मी तो लावते तेव्हा सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं जवळजवळ फक्त हिरवं येतं. मटारची शेंग सोलल्यावर बोटांना राहतं ते, ढोबळी मिरची चिरताना उसळतं ते. हे गॅल्बनमचं काम आहे. गॅल्बनम म्हणजे इराणकडच्या फेरुला कुळातल्या झुडपाचा चीक, आणि आपला हिंगही फेरुलाचाच चीक, म्हणजे ही हिंगाची सख्खी भावंडं. त्यात आणि ढोबळी मिरचीत एकच पायराझिन जातीचा रेणू असतो आणि तो इतका तीव्र की हवेत नावापुरता असला तरी नाक त्याला पकडतं. म्हणूनच तुम्ही एक फवारा मारलात आणि तो स्वयंपाकघरापर्यंत पोचला.

पुढच्या तासाभरात हिरवं जरा मागे सरतं आणि फूल वर यायला लागतं. मात्र स्वच्छ पांढरं नाही. त्याच्या अंगावर चामडं आहे, कोरडी तंबाखू आहे. आणि इथेच एक वास येतो जो तुम्ही कोल्हापूरकर असल्यामुळे नक्की ओळखाल. एखाद्या निवांत दुपारी शोधून बघा. तो दवणा आहे. हो, चैत्रात जोतिबाला गुलालाबरोबर वाहतात तोच. या परफ्यूमच्या घटकांत दवण्याचं तेल आहे. जगात दवण्याची व्यापारी लागवड जवळपास सगळी दक्षिण भारतात होते. फ्रान्सच्या रचनाकारांना तो हवा असतो त्याच्या दारूत मुरलेल्या जर्दाळूसारख्या, जरा औषधी गोडव्यासाठी. भाचीने परदेशातून आणलेल्या बाटलीत वाडी रत्नागिरीच्या, म्हणजे जोतिबाच्या डोंगरावरचा वास निघावा, याचा मला मनापासून आनंद होतो. निशिगंधाचंही तसंच. फूल मूळचं मेक्सिकोचं, पण आज परफ्यूमवाल्यांना लागणारं त्याचं ॲब्सोल्यूट, म्हणजे फुलांतून काढलेला दाट अर्क, फार मोठ्या प्रमाणात आपल्या दक्षिणेतून जातं.

आता धूर. बाटलीत कुठे काही जळत नसतं. लाकूड जळताना त्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा पदार्थ, फुटतं आणि त्यातून ग्वायाकॉलसारखे रेणू सुटतात. चुलीच्या धुराचा वास मुख्यतः यांचाच. सुगंधकाराला हे रेणू किंवा त्यांच्या जवळचे वास वेगवेगळ्या वाटांनी मिळतात. बर्च झाडाची साल हवाबंद भट्टीत तापवून निघणारं डांबरी तेल ही जुनी वाट, रशियन चामड्याला तो खास वास त्यामुळेच यायचा. कच्चं डांबर त्वचेला बरं नाही, त्यामुळे आता त्याचं शुद्ध केलेलं रूपच वापरतात. दुसरी वाट दक्षिण अमेरिकेतल्या ग्वायाक लाकडाची. त्याचा वास मऊ, गुलाबाकडे झुकणारा आणि तरीही धुरकट. तुमच्या बाटलीत ही वाट आहे. तिच्याबरोबर स्टायरॅक्स हा राळेसारखा पदार्थ आहे, ज्याच्या जवळचा शिलारस आपले अत्तरवाले ओळखतात, आणि लॅब्डेनम हा भूमध्य समुद्राकाठच्या झुडपाचा चिकट डिंक. हे तिन्ही जड. सावकाश उडतात. म्हणून सुरुवातीला हिरव्याच्या गोंगाटात ते कळत नाहीत आणि रात्री मनगटावर उरतात तेव्हा फक्त तेच आणि फुलाची साय असते. तुम्हाला झोपताना आवडलं ते हे.

सुगंधाच्या दुकानात वास निवडण्याची पद्धत या परफ्यूमवर फार अन्याय करते. कागदाच्या पट्टीवर फवारायचं, दहा सेकंद हुंगायचं, नाक मुरडायचं, पुढची बाटली. बाजारातले बहुतेक परफ्यूम आता त्या दहा सेकंदांसाठीच रचले जातात, पहिल्या फवाऱ्यात साखर आणि फळं. छोट्या, स्वतंत्र घराण्यांचे जे नीश परफ्यूम म्हणतात त्यांतलेही पुष्कळ या वाटेने चाललेत, फक्त बाटली महाग. न्युई द बाकेलित तसा नाही. तो लावणाऱ्याकडे संध्याकाळपर्यंतचा वेळ मागतो. माझ्या मते तेवढी त्याची योग्यता आहे.

तंबाखू आणि चामडं बाईने लावावं का, हा प्रश्न वाचून मला जरा वाईट वाटलं. कारण तो तुम्हाला पडलेला नाही, कोणीतरी पाडलेला दिसतो. पॅरिसमध्ये कारों कंपनीने १९१९ साली 'ताबा ब्लाँ' काढला, चामडं-तंबाखूचा, आणि तो सिगारेट ओढू लागलेल्या बायकांना समोर ठेवूनच होता. सेलियेबाईंनी 'फ्राका'च्या आधी, १९४४ साली, 'बांदी' केला होता. करकरीत, कडवट चामडं, तेही बायकांसाठी. मधे १९४७ साली बाल्मँ या फॅशनघराण्यासाठी 'व्हाँ व्हेर' केला, त्यात गॅल्बनमची मात्रा इतकी होती की लोक चकित झाले. चामडं, हिरवा चीक, निशिगंध : एका बाईने चार-पाच वर्षांत तीन वेगवेगळ्या बाटल्यांत जे मांडलं, ते तुमच्या बाटलीत एकत्र आलंय असं मला नेहमी वाटतं. हे माझं वाचन आहे, द्वायेंबाईंनी तसं ठरवून केलं असा माझा दावा नाही.

आणि इतकं लांब तरी कशाला जायचं? धूर बाईच्या अंगाचा नाही असं म्हणणाऱ्याने आपल्या घरातली बाळंतीण बघितलेली नसावी. ओवा, शेपा, वावडिंग निखाऱ्यावर टाकून बाळ-बाळंतिणीला धुरी द्यायची पद्धत आपल्याकडे घरोघर होती. न्हाणं झालं की ओले केस टोपलीवर पसरून खाली धुपाटण्यात ऊद घालायचे. माझ्या आजीच्या केसांना शुक्रवारी संध्याकाळी तो वास असायचा, आणि त्यावर गजरा. फूल आणि धूर एका डोक्यावर. तिला त्यात काही विचित्र वाटलं नाही, तिच्या सासूलाही नाही. देवघरात रोज हेच घडतं. हार ताजा आणि धूप पेटलेला.

लावायचं कसं ते आता सांगते. एक फवारा पुरे, दुसऱ्याची गरज नाही. बाहेर पडण्याच्या निदान तासभर आधी लावा, म्हणजे हिरवा भाग घरीच सरेल आणि लोकांपुढे फूल येईल. मनगटांवर मारून ती एकमेकांवर घासू नका, हलके घटक उगाच लवकर उडतात. मी कोपराच्या आतल्या बाजूला किंवा पोटावर, कपड्याखाली लावते. तिथून वास हळूहळू वर येतो, समोरच्याच्या नाकात थेट जात नाही. आधी एकदा कोपराच्या आत लावून दिवसभर बघा, लाली किंवा खाज आली तर त्वचेवर नको. पैठणीवर, जरीवर, तन्मणीवर अजिबात फवारू नका. रेशमाला डाग पडतो आणि मोत्याचं पाणी अल्कोहोलने जातं.

ऋतूचा विचार करा. कोल्हापूरच्या एप्रिलमध्ये भर दुपारी हा लावला तर उन्हाने सगळं एकदम उसळतं आणि रबर-चामडंच पुढे येतं. पावसाळी संध्याकाळ याची खरी. हवेत ओल असली की वास खाली, अंगाजवळ रेंगाळतो, आणि बाहेर ओल्या मातीचा, शेवाळाचा वास असतो त्यात याचं हिरवं मिसळून जातं. थंडीत शालीच्या आतल्या बाजूला, सुती किंवा लोकरी असेल तर, एक फवारा मारून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी शाल उघडताना बघा काय येतं ते.

वर्गात मात्र नको. बंद खोलीत साठ मुलं पाऊण तास बसतात, त्यांना उठून जाता येत नाही. लग्नात लावायचा असेल तर संध्याकाळच्या लग्नात, मोकळ्या लॉनवर लावा. तिथे हारांत खरा निशिगंध असेलच, त्याच्या शेजारी उभं राहून दोन्हींचा वास घ्या. आणि घरात कोणी नसतानाच लावायचं हे बंद करा. सासूबाईंना एकदा रात्री, लावून चार-पाच तास झाल्यावर, मनगट पुढे करून विचारा. ज्या नाकाने वायर ओळखली त्या नाकाला पुढचं सगळंही कळेल. त्यांना दवणा सापडतो का ते मला जरूर कळवा.

प्रश्न : मी पुण्यात इंजिनीअरिंगला आहे. धुरकट, फुलांचे, वेगळे परफ्यूम करून बघायची खूप इच्छा आहे, पण एका बाटलीत माझा महिन्याचा मेसचा खर्च जातो. सुरुवात कुठून करू?
– एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : बाटली घेऊच नकोस. दोन मिलिलिटरची नमुन्याची कुपी घे. एका फवाऱ्यात साधारण ०.१ मिलिलिटर जातं, म्हणजे एका कुपीत वीसेक फवारे. एखादा वास आपला आहे की नाही हे ठरवायला तेवढे भरपूर. एका दिवशी एकच लाव आणि सकाळ, दुपार, रात्र काय वाटलं ते वहीत लिहून ठेव. दुकानात एकामागून एक हुंगत असशील तर मधे कॉफीचे दाणे हुंगायचा सल्ला मिळेल. त्याने साध्या हवेपेक्षा जास्त काही साधत नाही. बाहेर जाऊन दोन मिनिटं उभा राहा किंवा स्वतःची बाही हुंग.

पण तुझ्या जागी मी असते तर आधी मुंबईला मोहम्मद अली रोडवर गेले असते. तिथल्या अत्तरवाल्यांकडे थोडं थोडं मागायला लाजू नकोस. वाळ्याचं अत्तर घे, त्यात मातीबरोबर धूर असतोच. नागरमोथ्याचं तेल घे. जगभरचे सुगंधकार सिप्रिऑल या नावाने तेच वापरतात आणि त्याचा वास धुरकट लाकडाचा आहे. आणि चोया मिळाला तर फक्त दोन थेंब. कनौजकडची ही जुनी चीज. लोबान किंवा समुद्रातले शिंपले मडक्यात कोरडे तापवून त्यांचा धूर पकडून गार करतात, तो चोया. फार कडक असतो, त्वचेवर अजिबात लावायचा नाही. कागदाच्या एका पट्टीच्या टोकाला मोगऱ्याचं अत्तर लाव, दुसऱ्या पट्टीच्या टोकाला टाचणीच्या अग्राएवढा चोया, आणि दोन्ही पट्ट्या पंख्यासारख्या धरून नाकासमोरून हलवत बघ. पट्ट्यांमधलं अंतर कमीजास्त केलंस की धूर किती हवा ते तुझं तुलाच कळेल. एवढं जमलं की परदेशी बाटल्यांवरच्या घटकांच्या याद्या तुला वाचता यायला लागतील आणि कुठल्या कुपीवर पैसे घालायचे ते नेमकं ठरवता येईल.

प्रश्न : शेजारच्या टेबलावरची सहकारी रोज भरपूर सेंट मारून येते. मला मायग्रेन आहे, अकरापर्यंत डोकं ठणकायला लागतं. सांगितलं तर तिला वाईट वाटेल.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : सांगाच. उग्र वासाने मायग्रेन उठतो हे डॉक्टरांना चांगलं माहीत आहे, त्यात तुमचा नाजूकपणा वगैरे काही नाही. एकटीला गाठून, "तुझा सेंट वाईट आहे" असं न म्हणता, "मला मायग्रेनचा त्रास आहे, ऑफिसात लावला नाहीस तर मला दुपारपर्यंत काम करता येईल," एवढंच म्हणा. तिचं नाक त्या वासाला सरावलेलं असणार. रोज लावणाऱ्याला आपलाच वास येईनासा होतो आणि मग फवारे वाढत जातात, म्हणजे ती किती लावते याचा तिला अंदाजच नसेल. सांगून फरक पडला नाही तर साहेबांकडून टेबल खिडकीजवळ बदलून घ्या, आणि डोकं ठणकलेल्या दिवसांची तारीख-वेळ लिहून डॉक्टरांना दाखवा.